कोरं नाव

दिगंबररावांनी रंधा फळीच्या टोकापर्यंत नेला, पात्यात अडकलेलं लांब सालपट बोटांनी ओढून काढलं आणि खाली टाकलं. फळी पाटाची होती. जेवायला बसायचा साधा पाट. खाली दोन पट्ट्या ठोकल्या की झालं.

"बाबा, नाव," क्षितिजा म्हणाली. "नावाशिवाय चॅनेल पुढे जातच नाहीये. इथेच अटकलंय."

ती मागच्या अंगणात उलट्या बादलीवर उन्हाला पाठ करून बसली होती. मांडीवर लॅपटॉप, समोर फोनचा नवा स्टँड. पंचकुल्याहून ती दर रविवारी यायची आणि आज स्टँड घेऊनच आली होती. गेल्या थंडीत तिची आई गेली. तेव्हापासून दिगंबरराव फोनवर 'हं' आणि 'बरं' यापलीकडे जात नव्हते. लाकूड हातात असलं तर थोडंफार बोलत, तेही लाकडाबद्दल. मुलीने हे चॅनेलचं खूळ कशासाठी काढलंय ते त्यांना कळत होतं. म्हणूनच नाही म्हणवलं नव्हतं.

"वुडवाले अंकल?"

"मी कुणाचा अंकल?"

"फौजी फर्निचर?"

"दुकान वाटतंय. लोक भाव विचारतील."

"बाबा, यार! सकाळपासून तुम्ही सगळ्यांना नापास करताय."

मधल्या भिंतीवरून हसण्याचा आवाज आला. शेजारचे ग्रेवाल भिंतीपलीकडे किन्नू सोलत उभे होते. ते वीज खात्यातून निवृत्त झाले, दिगंबरराव वायुदलातून. सेक्टर सत्तेचाळीसमधल्या या ओळीत दोघांनी जोडीनेच केस पांढरे केले होते.

"डिगंबर दी हट्टी रख लो," ते म्हणाले.

"हट्टी म्हणजे परत दुकानच. ग्रेवालसाब, तुम्ही किन्नू खा."

"अच्छा, सीधी बात करूँ? भाभीजी के नाम पे रखो. वर्कशॉप तो उन्हीं ने बनवाई थी."

ते खरं होतं. बदल्यांमधून देशभर फिरलेल्या काळ्या ट्रंका भंगारवाल्याला देऊन तिनेच स्कूटरची शेड मोकळी करून दिली होती. 'निवृत्त झालात म्हणून दिवसभर माझ्या मागे मागे फिरू नका,' असं वर ऐकवलंही होतं.

"बात तो सही है, अंकल," क्षितिजा म्हणाली.

"तो लिख बेटा." ग्रेवाल थांबले. किन्नूची फोड तोंडापाशी नेलेली तशीच राहिली. "भाभीजी का... नाम क्या था?"

इतकी वर्षं या भिंतीवरून लोहडीच्या रेवड्या इकडे आणि संक्रांतीचे तिळगूळ तिकडे गेले होते. ग्रेवालांचा चेहरा कसनुसा झाला.

"माफ करना यार. हमारे लिए तो बस भाभीजी थीं."

"तू सांग त्यांना," दिगंबरराव मुलीला म्हणाले आणि रंध्याचं पातं उगाचच तपासू लागले.

"पद्मिनी, अंकल."

"पद्मिनी," ग्रेवाल म्हणाले. जपून, प्रत्येक अक्षर वेगळं करून. "वाह जी. बहोत सुंदर."

"मामा मात्र नयना म्हणतो," क्षितिजा म्हणाली. "ओरिजिनल तेच ना? ते ठेवू?"

"नको. ते त्याचं आहे. माहेरचं." दिगंबररावांनी पातं परत बसवलं. "हे दुसरं मी ठेवलं होतं."

लग्नासाठी जेमतेम सुट्टी मिळाली होती. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिताना त्यांनी इतका जोर लावला, की तांदूळ पाटावर सांडले आणि आत्या हसत सुटल्या. मग पेढे वाटले गेले, वाटता वाटता घरभर नाव सांगितलं गेलं. चौथ्या दिवशी ते तिला घेऊन युनिटला निघाले. गाडीत पाणी हवं होतं तेव्हा ते म्हणाले, 'अगं.' तेच पुढे कायम राहिलं. युनिटमध्ये 'मेरी फैमिली', मुलीपुढे 'तुझी आई', घरात 'अगं'.

एकदा इथेच, याच उन्हात मेथी निवडताना ती म्हणाली होती, 'एवढं हौसेने ठेवलंत आणि वापरलं एकदाही नाही. कोरंच राहिलं बघा माझं नाव.'

त्यावर ते हसले होते. 'अगं, चहा टाक,' म्हणाले होते.

आताही दिगंबररावांनी ते नाव उच्चारलं नाही; क्षितिजाने 'पद्मिनी वर्कशॉप' असं टाइप केलं, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, आणि त्यांनी मान हलवली.

"पक्का?"

"पक्कं."

तिने फोन स्टँडवर नीट बसवला. "सुरुवातीला तुमचं नाव, मग चॅनेलचं नाव, मग काम. दरवेळी असंच म्हणायचं. चला."

"नमस्कार. मी दिगंबर. आज आपण पाट करणार आहोत. हे लाकूड शिसमचं..."

"बाबा, चॅनेलचं नाव राहिलं."

"हो." त्यांनी घसा साफ केला. "नमस्कार. मी दिगंबर. आपलं हे जे... आपलं जे वर्कशॉप आहे..."

त्यांनी बाहीने फळीवरचा नसलेला भुसा पुसला. भिंतीपलीकडे ग्रेवालांनी सालं गोळा केली आणि चपलांचा आवाज न करता ते घरात निघून गेले.

क्षितिजाने फोन बंद केला. "नाव मी स्क्रीनवर लिहीन. बोलायची काही जरूरत नाही, बाबा. चालतं."

"नको. परत लाव."

त्यांनी रंधा बाकावर आडवा ठेवला. हात मोकळे केले; मग ते कुठे ठेवावेत हे न कळून पुन्हा फळीवर टेकले. क्षितिजाने बोटाने खूण केली.

"नमस्कार. मी दिगंबर," ते म्हणाले. मग म्हणाले, "पद्मिनी."

आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. आतल्या खोलीत ऐकू जावं एवढा. त्यांची नजर फोनवरून सुटून स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. क्षितिजाचं बोट फोन बंद करायला उचललं होतं. ते तिने तसंच हवेत धरून ठेवलं. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. दाराच्या जाळीवर नुसतं ऊन होतं.

"वर्कशॉप," मग ते म्हणाले आणि फळी उचलली. "तर हे शिसम. याच्या रेषा आधी बघून घ्यायच्या. उलट्या बाजूने रंधा मारलात तर लाकूड उचकटतं. हे असं..."

पाटाच्या दोन्ही पट्ट्या लागेपर्यंत ते बोलत राहिले. शिसमबद्दल, खिळ्यांबद्दल, थंडीत सरस वाळायला किती वेळ लागतो त्याबद्दल. क्षितिजाने मध्ये एकदाही टोकलं नाही.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसली. व्हिडिओ लावला, पुढे नेला, मागे आणला.

"बाबा, सुरुवातीला तुम्ही मध्येच थांबलात ना, तिथे खूप वेळ काहीच नाहीये. ते कापू?"

दिगंबररावांनी पाट उलटा करून उन्हात धरला, पट्टी सरळ बसली की नाही ते एक डोळा मिटून पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "हाक मारल्यावर थोडं थांबायला हवं."