ह्युरॉनांच्या गावातला पाहुणा

२००५च्या हिवाळ्यात जयंती नेदरलँड्समधल्या ब्रेडाला आली. नवरा, मोरेश्वर, ऑफिसला गेला की दिवसभर बोलायला कुणी नसे. एकदा वाचनालयाच्या फलकावर तिला इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी दिसली: 'डोळे अधू झालेत. पुस्तक टाइप करून देणारं कुणी हवंय. बदल्यात डच शिकवीन.'

चिठ्ठी फादर रुलँड यांची होती. एक्याऐंशी वर्षांचे निवृत्त जेझुइट धर्मगुरू. साडेतीनशे वर्षांपूर्वी कॅनडातल्या ह्युरॉन आदिवासी लोकांत राहिलेल्या एका मिशनऱ्याचं चरित्र ते लिहीत होते. ते डचमध्ये सांगत, जयंती स्पेलिंग विचारत टाइप करी. दिवसाकाठी जेमतेम एक पान व्हायचं. तिला ओशाळल्यासारखं होई.

"आपला मिशनरी दोन वर्षं मुक्यासारखाच होता," फादर म्हणायचे. "पोरं हसायची त्याला. एका म्हातारीनं त्याला मक्याची पेज खाऊ घातली आणि एकेक शब्द शिकवला."

"तिचं नाव काय?"

"त्यानं कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही," फादर जरा खजील होऊन म्हणाले.

ह्युरॉनांच्या भाषेत नुसतं 'बाप' म्हणता येत नसे. कुणाचा बाप, ते सांगावंच लागे. अनाथ पोरांना देवाला बाप म्हणणारी प्रार्थना शिकवताना मिशनऱ्याची पंचाईत झाली. तेव्हाही तो म्हातारीकडेच गेला.

उन्हाळ्यात देवीच्या साथीचं प्रकरण आलं. गावंच्या गावं निम्मी झाली होती. फादरांनी सांगितलं, "लोकांनी अज्ञानापोटी त्याच्यावर आळ घेतला."

जयंतीचे हात थांबले. "आळ कसा, फादर? रोग गोऱ्या लोकांबरोबरच आला ना?"

डचमधला तिचा हा पहिलाच न अडखळता विचारलेला प्रश्न होता. फादरांनी त्या दिवशी काम तिथंच थांबवलं. आता आपल्याला बोलावणार नाहीत, असं तिनं घरी मोरेश्वरला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. ती गेली, तर फादर खुर्चीत वाट पाहत होते.

"ते वाक्य खोड. लिही, रोग आमच्याबरोबर आला. दोन नातवंडं गेली, तरी म्हातारीनं त्याला दार बंद केलं नाही." मग म्हणाले, "साठ वर्षं ही पत्रं वाचतोय. तू विचारलंस, म्हणून दिसलं. उपकार झाले तुझे."

पुढच्या वर्षी पुस्तक छापून झालं, तोवर फादरांची दृष्टी पुरती गेली होती. म्हणून प्रकाशनाच्या दिवशी साथीचं तेच प्रकरण चर्चमधल्या तीसेक लोकांसमोर जयंतीनं वाचलं. मागच्या बाकावर बसलेल्या मोरेश्वरला त्यातलं काही कळलं नाही, पण तो शेवटपर्यंत हलला नाही.

लोक पांगल्यावर तिनं वाकून फादरांच्या पायांना हात लावला. त्यांनी गडबडून पाय मागे घेतले.

"काय पडलं?"

"काही नाही, फादर," ती म्हणाली. "आभार मानतेय. आमच्याकडे असेच मानतात."

फादरांनी क्षणभर विचार केला आणि पाय पुन्हा पुढे ठेवले.