ब्रेकमधली हवा

"धर!" चाकापाशी बसलेला धाकटा ओरडला आणि थोरल्याने केबिनमध्ये ब्रेकचं पेडल शेवटपर्यंत दाबून धरलं. बाहेर पाना किरकिरला, नळीतून तेल फसफसत डब्यात उतरलं.

"सोड."

थोरल्याने पाय उचलला आणि पुन्हा दाबून पाहिलं. चिखलात पाय जावा तसं पेडल सुळकन खाली गेलं. ये रे माझ्या मागल्या!

"अजून हवा आहे, दादा."

"किती हवा आहे? ब्रेक आहेत की भाता?"

धाकटा पुन्हा स्क्रूकडे वळला. सकाळपासून तो कामापुरतंच बोलत होता. या जुन्या ट्रकच्या पुढच्या दोन्ही चाकांना त्याने चकती आवळून धरणारे नवे कॅलिपर आणि नवे पॅड बसवले होते. राहिली होती ती फक्त ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायची, आणि तिथेच दुपार कलली होती. तेलाचा दुसरा डबा संपत आला होता. उद्या सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं आणि त्याची अट एकच होती, ब्रेक कडक लागले पाहिजेत.

थोरल्याचा मणका आता त्याला तासभरही स्टिअरिंगमागे बसू देत नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हणून गाडी विकायची, असं त्याने परवा जेवताना सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. धाकटा "बरं" म्हणाला आणि पानावरून उठला. इतकी वर्षं गाडीची सगळी दुखणीखुपणी त्यानेच काढली होती, पण लायसन्स खिशात असूनही गाडी कधी त्याच्या हाती आली नाही. पोरवयात त्याने एकदा शेजाऱ्यांचं कुंपण आडवं केलं होतं, तेवढं थोरल्याला जन्मभर पुरलं.

थोरल्याच्या खिशातला फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं.

"तयार आहे ना गाडी? नाहीतर माझा फुकट हेलपाटा व्हायचा."

"झालीच आहे," थोरला म्हणाला आणि फोन ठेवून त्याने पेडलवर लाथ हाणली. कळ थेट कमरेपर्यंत गेली. संतापाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेवर हात ठेवून तो कण्हत खाली उतरला.

"सरक. मला बघू दे."

"तुला वाकवणार नाही, दादा. मी बघतो ना."

"सकाळपासून बघतोयस!"

चाक काढलेलं होतं. थोरला गुडघ्यावर टेकला आणि बघतच राहिला. हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या तळाशी होता. तेलाखालून हवा कशी निघणार? ती वरच्या अंगाला जाऊन बसणार, मग दिवसभर पेडल मारा की वर्षभर. तो उठून दुसऱ्या बाजूला गेला. तिथेही तेच. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे.

त्याच्या ओठांवर शिवी आली होती. पण शेजारच्या मेकॅनिकने गेल्याच महिन्यात नेमकी ही चूक केली होती, आणि "डावं-उजवं कळत नाही का रे?" म्हणून धाकट्याने त्याला आठवडाभर सळो की पळो केलं होतं. डोळे बांधले तरी धाकटा कॅलिपर सरळ बसवील.

थोरल्याने मान वर केली. धाकटा फडक्याने पाना पुसत होता. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत होता.

"उलटे बसलेत," थोरला म्हणाला.

"असतील."

"सांगायचं होतंस."

"तू विचारलंस कुठे?"

 मग थोरल्याने फोन काढला.

"हां, मीच बोलतोय. उद्या येऊ नका... नाही, परवाही नको. गाडी द्यायची नाही आता. तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

फोन खिशात टाकून तो मडगार्डला टेकला. कमर ठणकत होती आणि राग अजून पुरता उतरला नव्हता.

"बघतोस काय? काढ दोन्ही, सरळ बसव. आणि नंतर वर चढून पेडल तूच दाबून बघ. रोज तुलाच दाबायचंय."

धाकट्याने पाना नटाला लावला. हजारदा सोडवलेला नट, पण तो कुठल्या बाजूला फिरवायचा हेच त्याला आठवेना.