राहत्या घराची शपथ

नॅडीनने गाडी थांबवली, हीटर तसाच चालू ठेवला, उजवा हात खांद्यापर्यंत वर केला आणि समोरच्या काचेला विचारलं,

"या कागदात लिहिलेलं सगळं खरं आहे, अशी तुम्ही शपथ घेता का?"

'शपथ'वर जीभ अडली. हात खाली घेऊन ती घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी 'खरं'वर अडली. परत हात वर करते तोच खिडकीवर टकटक झाली. कानटोपी घातलेला एक उंच म्हातारा वाकून आत बघत होता.

तिने काच खाली केली.

"नोटरीबाई तुम्हीच ना?"

"हो. न... नॅडीन सलो."

"मी रेनो लॅम्पी. आत या की, कॉफी झालीय. इथं गाडीत बसून कोणावर ओरडताय?"

"ओरडत नव्हते. सराव करत होते."

"कसला?"

खोटं काही तिला चटकन सुचलं नाही. "तुम्हाला विचारायचा."

म्हाताऱ्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, "बरं, बरं," म्हणाला आणि तिची बॅग स्वतःच उचलून घराकडे निघाला. "पायाखाली बघून या. बर्फ वितळायला मीठ टाकलंय, पण फेब्रुवारीतल्या बर्फाला कुणाची भीड नसते."

नॅडीन पन्नाशी ओलांडलेली. उमेदीची सगळी वर्षं तिने गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. लोखंडाच्या खाणी मंदावल्या, पोरं कमी झाली, शेजारच्या गावाची आणि त्यांची शाळा एक झाली आणि एका स्वयंपाकघरात दोन गावांच्या बायका गोळा झाल्या. जिची नोकरी गेली तिने काहीतरी शोधलं. नॅडीनने नोटरीचा परवाना काढला. लोकांच्या घरी जायचं, कर्जाचे कागद समोर ठेवायचे, ओळख पटवायची, सह्या घ्यायच्या, शिक्का मारायचा. कागदांचं तिला भय नव्हतं. भय होतं बोलण्याचं. "वाटाणे संपव, मग पुढचं घे," असं शंभर पोरांना सांगताना जी जीभ कधी अडली नाही, तीच अनोळखी मोठ्या माणसांसमोर टाळूला चिकटायची.

ट्रुडी ही गावातली दुसरी नोटरी या धंद्यात मुरलेली होती. तिने नॅडीनला आपल्याबरोबर नेऊन काम दाखवलं होतं. "अगं, शपथ-बिपथ एवढी कोण म्हणून घेतं? 'सगळं बरोबर ना?' विचारायचं, ते माना हलवतात, शिक्का मारायचा नि मोकळं व्हायचं. तू काय कोर्टात उभी आहेस?"

पण नॅडीनला ते जमण्यासारखं नव्हतं. घाबरट माणसाला नियमाचा कठडा लागतो. नोटरीच्या पुस्तिकेत शपथ शब्दन्‌शब्द तोंडाने विचारायची असं लिहिलं होतं, म्हणजे ती तशीच विचारायची. आणि आज ट्रुडी बरोबर नव्हती.

स्वयंपाकघरात वेलदोड्याचा वास भरला होता. आर्डिस लॅम्पी टेबलाशी उभी राहून गोड पावाच्या चकत्या कापत होती. बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. एका हाताने खुर्चीची पाठ धरूनच ती वळायची.

"बसा. गार झालात ना अगदी?"

नॅडीनने गठ्ठा काढला, दोघांची ओळखपत्रं मागून घेतली, आणि ती परत देताना तिचा हात कपाला लागला. कॉफी टेबलभर पसरली. कागद तेवढे भिजायचे वाचले. नॅडीनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"राहू द्या," आर्डिसने फडकं फिरवत म्हटलं. "या टेबलावर आमची मुलगी क्रिस्टा एकदा सायकल घेऊन चढली होती."

"नवीन आहेत त्या," रेनो म्हणाला. "गाडीत सराव करत होत्या."

"मग काय बिघडलं? तू लग्नाच्या दिवशी चर्चच्या मागे जाऊन सराव करत होतास की."

तिघंही हसली, आणि नॅडीनला जरा मोकळं वाटलं.

कर्ज कशासाठी, हे विचारणं तिचं काम नव्हतं, पण रेनोला सांगितल्याशिवाय राहवेना. त्याने फ्रिजवरचा चौकटीचा कागद काढून तिच्यापुढे पसरला. पेन्सिलने, पट्टी लावून, सगळं नीट काढलेलं होतं. "ही बघा नवी खोली. खालीच. हिला जिना चढायला नको. गुडघे गेलेत तिचे. इथं न्हाणीघर, उंबरा नाही. इथं दांडा, धरायला. इथून खिडकी, म्हणजे पलंगावरून दाणे टिपणारे पक्षी दिसतील. खाणीत जन्मभर दुसऱ्याचं बांधकाम सांभाळलं, म्हटलं एकदा आपलं करू. इथंच म्हातारी झालो, इथूनच जाऊ दोघं."

"पाव घ्या," आर्डिस म्हणाली.

सह्या सुरू झाल्या. नॅडीन एकेक कागद पुढे सरकवायची, तो कशाचा हे एका वाक्यात सांगायची. रेनो भराभर, कागद जवळजवळ फाडत सही करायचा. आर्डिस हळू करायची. प्रत्येक सहीनंतर पेन खाली ठेवायची, पुढचा कागद आला की पुन्हा उचलायची. गठ्ठा उतरत गेला तशी नॅडीन सावरत गेली. मग प्रतिज्ञापत्र आलं.

तिने ते मोठ्याने वाचलं. हे घर आमचं राहतं घर आहे, आम्ही दोघं इथं राहतो आणि पुढेही इथंच राहण्याचा आमचा इरादा आहे.

"आता हात वर करावा लागेल," ती म्हणाली. "उजवा."

रेनोने शाळकरी पोरासारखा हात ताठ वर केला. नॅडीनने विचारलं. जीभ अडली, सुटली, वाक्य पुरं झालं.

"घेतो," रेनो म्हणाला.

मग ती आर्डिसकडे वळली. आर्डिसने हात वर केला. नॅडीनने तेच वाक्य पुन्हा, त्याच ठिकाणी अडखळत, विचारलं.

आर्डिसचा हात वर तसाच राहिला. फ्रिज घरघरला आणि थांबला. नॅडीनला वाटलं, आपलंच बोलणं कळलं नसेल.

"मी नीट विचारलं नाही का, मिसेस लॅम्पी?"

"नीट विचारलंत. म्हणून तर." तिने हात खाली घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हाताखाली ठेवला. "रेनो, मला तसं म्हणता येत नाही."

रेनो हसला. "काय म्हणता येत नाही? 'हो' म्हणायचं फक्त."

"तेच."

"अगं, एवढ्या सह्या केल्यास नि आता..." तो नॅडीनकडे वळला. "काही नाही हो, दमलीय ती. सही घ्या नि मारा शिक्का."

शिक्का नॅडीनच्या हाताशीच होता. कर्जाचं काम देणाऱ्या कंपनीतून फोन येईल, काय झालं म्हणून विचारतील, पुढचं काम देतील की नाही कोण जाणे. हे सगळं तिच्या डोक्यातून सरकून गेलं. तिने शिक्क्याचं झाकण लावलं.

"नाही मारता येणार."

"मग परत विचारा तिला. तुम्ही अडखळलात, ती गोंधळली."

"त्या गोंधळल्या नाहीत, मिस्टर लॅम्पी. उत्तर देतायत त्या."

रेनोने बायकोकडे पाहिलं. बहुधा त्या दुपारी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मला क्रिस्टाकडे जायचंय," आर्डिस म्हणाली. "एवढ्या लांब टॅकोमाला. भेटायला नाही रे. राहायला. पोरगं शाळेत जायला लागलं तिचं, आणि मी त्याला फोनच्या काचेत बघते."

"कधीपासून आहे हे डोक्यात?"

"तू ती पट्टी घेऊन बसायला लागलास त्याच्या आधीपासून."

"मग तोंडात काय बोळा होता का? सांगायचं नाही?"

"रोज ठरवायचे, आज सांगू. आणि तू रोज नवी रेघ मारून दाखवायचास. आज दांडा, उद्या खिडकी. एवढ्या हौसेनं." तिने टेबलावरचे चुरे बोटाने एका जागी गोळा केले. "सह्या करत गेले, त्याचं काही वाटलं नाही. पण देवासमोर हात वर करून इथंच राहणार म्हणू? नाही जमत."

"मग हे मी करत होतो कोणासाठी?"

"माझ्यासाठी. माहीत आहे मला. म्हणून तर बोलवेना."

एरवी अशा वेळी नॅडीनने काहीतरी बोलून टाकलं असतं. हवेबद्दल, रस्त्याबद्दल, काहीही. किंवा उठून गेली असती. पण निम्मे कागद रेनोच्या कोपराखाली होते आणि ते ओढून घेणं तिला बरं वाटलं नाही. ती बसून राहिली.

रेनो उठला. "यांच्या गाडीची काच गोठली असेल," एवढंच म्हणाला आणि टोपी न घालताच बाहेर गेला.

आर्डिसने उरलेला पाव कागदात गुंडाळून नॅडीनच्या हातात दिला. "तुमचा फेरा फुकट गेला."

"असू दे." नॅडीनला आणखी काही म्हणायचं होतं. "मला वाटलं होतं, मी एकटीच घाबरलेय."

"छे हो," आर्डिस म्हणाली.

बाहेर रेनो काच खरवडत होता. स्वच्छ झालेलीच जागा पुन्हा पुन्हा खरवडत होता. नॅडीनने गाडीचं दार उघडलं तेव्हा थांबला.

"दुसरी कोणी नोटरी आली असती, तर नुसती सही घेऊन गेली असती. हो ना?"

"गेली असती, कदाचित."

"मग मी खोली बांधली असती," रेनो म्हणाला. त्याच्या भुवयांवर बर्फाचा भुगा बसला होता. "आणि ती राहिली असती तिच्यात. एक शब्द न बोलता."

त्याने तिचं दार लावून दिलं आणि छपरावर दोनदा थाप मारली, जा म्हणून.

कंपनीतला माणूस फोनवर वैतागला. "औपचारिकता असते ती, बाई. समजावून सांगायचं असतं." नॅडीन म्हणाली, "त्यांना समजलं, म्हणूनच नाही म्हणाल्या." ट्रुडीने तर कपाळाला हात लावला. "पहिल्याच दिवशी नवरा-बायकोत बिब्बा घालून आलीस! काही आठवडे तुला कोणी बोलवायचं नाही बघ." आणि खरोखरच बोलावलं नाही. त्या दिवसांत भांडी घासताना नॅडीनला मधूनच ते स्वयंपाकघर आठवायचं, आणि आपण तिथं चांगलं केलं की वाईट, याचा तिला काही केल्या निवाडा करता येत नसे.

मग दुसऱ्या एका कंपनीकडून काम आलं, मग आणखी एक. प्रत्येक ठिकाणी ती वाक्य पुरं विचारायची. जीभ अजूनही अडायची, पण आता ती तिला अडू द्यायची. माणसं थांबतात, हे तिला कळलं होतं. हात वर करून थांबलेली माणसं उलट जास्त विचार करून उत्तर देतात, असंही तिच्या ध्यानात आलं होतं. काचेशी बोलणं तिने कधी सोडलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात फोन आला.

"रेनो लॅम्पी. कामात आहात का? एक कागद आहे."

या वेळी अंगणात हिरवं दिसत होतं. स्वयंपाकघरात टेबल तेवढं राहिलं होतं. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन होते. फ्रिजचं दार कोरं होतं. रेनोने दाढी केली होती आणि हनुवटीला कापून घेतलं होतं.

"मार्चमध्ये गेली ती," त्याने आपण होऊनच सांगितलं. "विमानतळावर मीच सोडलं. भांडून नाही गेली, तसं समजू नका. रोज फोन करते. अंडं उकडायला किती वेळ लागतो, हे मी या वयात शिकलो."

कागद घराच्या विक्रीचा होता. आर्डिसची सही आधीच झाली होती, टॅकोमाच्या नोटरीसमोर. तिकडचा शिक्काही खाली होता. रेनोने त्या सहीवर बोट ठेवलं.

"तिला विचारलं असेल का त्यांनी नीट?"

"विचारायला हवं."

"हं."

नॅडीनने त्याच्या ओळखपत्राची नोंद केली आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. "हे तुम्ही तुमच्या खुशीनं करताय ना, मिस्टर लॅम्पी?"

रेनो खिडकीतून बाहेर बघत राहिला. परसात त्याने स्वतःच्या हाताने उभारलेली लाकडी सौना-खोली, वाफेच्या अंघोळीची, होती. तिच्या धुराड्यावर एक चिमणी काड्या नेत होती. नॅडीनने घड्याळाकडे पाहिलं नाही.

"खुशी म्हणजे फार मोठा शब्द झाला," शेवटी तो म्हणाला. "पण मला कोणी ढकललं नाही. तेवढं पुरतं का तुमच्या कायद्याला?"

"पुरतं."

त्याने सही केली. या वेळी हळू, एकेक अक्षर.

ती निघाली तसा तो गॅरेजपर्यंत बरोबर आला. त्याचं दार वर सरकवलेलं होतं. आतली हत्यारं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेलेली दिसत होती. भिंतीवर नुसते खिळे होते, आणि एका खिळ्यावर बर्फ ओढायचं रुंद फावडं.

"टॅकोमात बर्फ पडतो का हो?" रेनोने विचारलं.

"फारसा नाही म्हणतात. पाऊस असतो."

त्याने मान हलवली, फावडं खिळ्यावरून काढलं, पात्यावरची धूळ बाहीने पुसली.

"मग हे तुम्ही न्या."

नॅडीन मागचं दार उघडून ते आडवं-तिरपं करून बघू लागली. कसंही ठेवलं तरी दांडा काचेबाहेर राहत होता. "थांबा, असं पडेल ते वाटेत," रेनो म्हणाला, आणि बांधायला दोरी बघण्यासाठी पुन्हा आत गेला.