खास आवडलेलं पुस्तक

शाळेत त्यांना सगळे पुस्तकबाई म्हणायचे. आभाराचं पत्र लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तेच त्यांना नडलं.

तीन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका संस्थेनं शाळेला वापरलेल्या पुस्तकांची चाळीस खोकी पाठवली. तिकडच्या लोकांनी घरं आवरताना बाहेर काढलेली पुस्तकं. पहिलं खोकं बाईंनी धीर न धरता ओढूनच फाडलं, खोटं कशाला सांगा. वरच निघालं घोड्यांची निगा कशी राखावी याचं पुस्तक. त्याखाली त्या देशाच्या आयकराची नियमावली, बावीस वर्षांपूर्वीची. त्याखाली वजन उतरवण्याचे सोपे उपाय. शाळेतली निम्मी पोरं उपाशीपोटी यायची, आणि घोडा त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता. भाषाही परकी. ती वाचता येणारी माणसं शाळेत दोनच, बाई आणि मोठे सर.

"टाकून द्यायची का?" शिपाईमामांनी विचारलं.

"धर्माच्या गाईचे दात मोजतात का?" मोठे सर म्हणाले. "बाई, झकास पत्र लिहा."

बाईंनी लिहिलं. त्यांचं एक तंत्र होतं. नुसतं 'पुस्तकं आवडली' म्हटलं की देणाऱ्याला शंका येते, यांनी खोकी उघडली तरी का? म्हणून एखाद्या पुस्तकाचं नाव घ्यायचं, खोक्यात सगळ्यात वर असेल त्याचं. त्यांनी लिहिलं, 'घोड्यांचं पुस्तक मुलांना खास आवडलं. कोणी आधी घ्यायचं यावरून भांडणं होतात.' वर आणखी एक वाक्य चढवलं: 'आता मुलं दुसऱ्या पुस्तकांना हातसुद्धा लावत नाहीत.' ते वाचून मोठ्या सरांचे डोळे पाणावले. घोड्यांच्या पुस्तकाची पानं तोवर मामांच्या शेगडीत गेली होती.

पुढच्या वर्षी एकशेवीस खोकी आली. त्यातली नऊ निव्वळ घोड्यांची. मुलांना आवडतात म्हणून संस्थेच्या लोकांनी गावोगाव फिरून गोळा केली होती. बाईंनी पुन्हा पत्र लिहिलं. न लिहून करतात काय?

वाचनालयात जे खरं वाचलं जायचं ते एका पत्र्याच्या कपाटात होतं. एकाहत्तर पुस्तकं, बाईंनी अकरा वर्षांत हातानं लिहिलेली. मुलांच्या घरच्या बोलीत छापलेलं पुस्तक जगात कुठे मिळत नसे. म्हणून मुलं आपापल्या आजीकडून गोष्ट ऐकून यायची, बाई लिहून काढायच्या, चित्रं मुलांची. आणि शिवण बाईंच्या मोठ्या नणंदेची.

वन्संचं आयुष्य लोकांचे कपडे शिवण्यात गेलं होतं. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही, भावाच्या घरी राहायच्या आणि भावजयीवर तोंडसुख घ्यायच्या. पण या पुस्तकांच्या बाबतीत दोघींचं गूळपीठ. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीला त्या कापड लावायच्या, दुहेरी टाका घालून. शेवटची दहा शिवताना त्यांची नजर पूर्ण गेली होती. बाई सुई ओवून द्यायच्या आणि वन्सं बोटांनी चाचपत शिवायच्या. सुई बोटात रुतली तरी थांबायच्या नाहीत. "पोरं ओढाताण करतात. टाका पक्का हवा." आणि रोज संध्याकाळी बाईंनी उंबऱ्यात पाय ठेवला की एकच प्रश्न यायचा, "आज कुठलं वाचलं गं पोरांनी?"

यंदा खोक्यांबरोबर संस्थेची एक पाहुणी आली. हसतमुख, घामानं निथळलेली, मनानं खरोखर चांगली. वाईट असती तर फार सोपं झालं असतं.

खोक्यांचा कंटेनर इथून पुढे एका बेटावरच्या शाळेला जायचा होता, आणि खोकी उतरल्यावर तो निम्मा रिकामा राहणार होता. पाहुणी म्हणाली, "ज्या शाळा आपली वापरलेली पुस्तकं पुढे देतात त्यांना आम्ही पितळी पाटी देतो. 'देणारी शाळा' अशी. दारावर लावायला."

मोठ्या सरांचा हात जन्मभर घेणाऱ्याचा, म्हणजे खालचा. त्यांना पाटी डोळ्यांपुढे दिसू लागली. "देऊ की!" ते म्हणाले, आणि मग अडकले. संस्थेचीच पुस्तकं संस्थेच्या पाहुणीच्या नाकासमोर परत कशी भरायची?

पाहुणीनंच वाट काढली. पिशवीतून तिनं बाईंचं पत्र काढलं, चुरगळू नये म्हणून प्लास्टिकमध्ये जपलेलं. "तुम्हीच लिहिलंय, मुलं आता दुसऱ्या पुस्तकांना हात लावत नाहीत. ती दुसरी पुस्तकं नुसती पडूनच असतील ना?"

सरांनी मान वळवून पत्र्याच्या कपाटाकडे पाहिलं.

"ती नको," बाई म्हणाल्या. "ती मुलांच्या बोलीतली आहेत. बेटावर कुणाला एक अक्षर लागायचं नाही."

"चित्रं तर बघतील!" पाहुणी म्हणाली. मग तिचा चेहरा जरा बदलला. "की मुलं अजून वाचतात ती?"

सर बाईंकडे रोखून पाहत होते. वाचतात म्हटलं तर पत्र खोटं. पत्र खोटं तर घोडे खोटे, खोकी खोटी, तीन वर्षांचा सगळाच व्यवहार खोटा. आपलेच दात, आपलेच ओठ. बाईंनी कपाटाकडे पाठ केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हल्ली नाही वाचत."

खिडकीखाली तिसरीतली एक मुलगी बसली होती. मांडीवर कासवाच्या लग्नाचं पुस्तक, गोष्ट तिच्याच आजीची. पाहुणीनं वाकून ते हलकेच काढून घेतलं, तिच्या हातात घोड्यांचं जाडजूड पुस्तक दिलं आणि कॅमेरा काढला. मुलीनं बाईंकडे पाहिलं.

"हस गं, बाळा," बाई म्हणाल्या.

खोकी त्यांनीच भरली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कासवाचं पुस्तक सगळ्यात वर ठेवलं. निदान उघडणाऱ्याला पहिलं तेच दिसावं, एवढंच त्यांच्या हातात होतं. रिकाम्या कपाटात मामांनी त्याच दिवशी वजन उतरवण्याचे उपाय लावून टाकले.

"आज कुठलं वाचलं गं पोरांनी?" संध्याकाळी वन्संनी विचारलं.

"वन्सं, सगळीच गेली. समुद्रापलीकडच्या एका शाळेनं मागून नेली." मागून नेली, हे शब्द बाईंना कुठून सुचले कोण जाणे. सवयच ती.

 वन्संनी पदरानं नाक पुसलं. "माझी शिलाई जहाजातून गेली म्हण की," त्या म्हणाल्या. त्या रात्री त्या दोन घास जास्त जेवल्या.

चार महिन्यांनी पाटी आली, आणि पाटीबरोबर बेटावरच्या शिक्षिकेचं पत्र. सरांनी पाटी दारावर ठोकली आणि पत्र बाईंना दिलं, "हे तुमचं," म्हणाले. बाईंनी ते घरी नेलं. वन्संना सांगणार नव्हत्या, पण आंधळ्या माणसाला कागदाचा आवाज बरोबर ऐकू येतो.

"कुणाचं गं? वाच."

बाई वाचू लागल्या. "आपली पुस्तकं पोचली. मुलांचा आनंद गगनात मावत नाही. त्यातलं, ज्याच्यावर कासवाचं चित्र आहे ते पुस्तक मुलांना खास..."

बाई थांबल्या. अक्षर वळणदार होतं. लिहिणारी हुशार होती, सगळ्यात वर असेल त्याचं नाव घ्यायचं हे तिलाही कळत होतं. दुसऱ्या पुस्तकाचा उल्लेख पत्रात कुठेही नव्हता. तिच्या शाळेतही एखादे मामा असतील, एखादी शेगडी असेल. दुहेरी टाक्याचं कापड आधी उसवावं लागलं असेल, की तसंच जळलं असेल?

"थांबलीस का? खास काय?"

"खास आवडलं," बाईंनी वाचलं. "ते हातात मिळावं म्हणून मुलं रांग लावतात."

"पुन्हा वाच."

बाईंनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. वन्संचे पांढुरके डोळे पाण्यानं भरले होते. नजर गेली तेव्हासुद्धा त्या रडल्या नव्हत्या.

"रांग लावतात म्हणे," त्या म्हणाल्या. मग हातांनी चाचपडत त्यांनी फडताळातून शिवणाचा डबा ओढला. "आणि तू बसून काय राहिलीस? एका कासवानं किती पोरांचं भागणार? वीस तरी शिवायला हवीत. सुई ओव."

"वन्सं, तुमची बोटं..."

"बोटांचं मी बघते. तू लिहायला घे."

बाईंनी दिव्याकडे धरून सुई ओवली आणि त्यांच्या हातात दिली. वन्संनी पहिला टाका घातला. सुई बोटात रुतली, त्यांनी बोट तोंडात धरलं, आणि मग दोन्ही हातांनी दोरा ताणून पाहिला.

"पक्का हवा," त्या म्हणाल्या. "पोरं ओढाताण करतात."