वीतभर पाण्याखाली

मी रानसाव्याची काडी बोलतेय. भाताच्या खाचरात कुणी न पेरता उगवतं ना, तेच गवत. काल रात्रभर माझा डोळा लागला नाही. गवताला डोळा असतो का, असं तुम्ही विचाराल, आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नाही. पण काळजी करायला डोळे लागत नाहीत. काळजी एवढीच होती: या खाचरात उद्या पाणी राहणार, की जाणार?

पाणी राहिलं, तर माझ्या पायाशी नुकती उगवलेली दोन-दोन पानांची लहानगी गुदमरून जातील. पाणी गेलं, तर ती जगतील आणि शेजारचं भात उपाशी राहील. मधली वाट मी खूप शोधली. मला सुचली नाही. हुशार गवताला सुचली असती कदाचित.

माझी आई कोण, ते मला ठाऊक नाही. कुठल्याशा पावसाळ्यात तिच्या कणसातून मी चिखलात गळले आणि तिथंच पडून राहिले. उन्हाळ्यात माती तडकायची, तेव्हा मी कोरडी होऊन निजायची. पावसाळ्यात वर पाणी साचायचं, तेव्हा श्वासच मिळायचा नाही. मग काय, पुन्हा निजायची. आम्हाला जाग येते ती मधल्या मातीत. ओल असावी पण पाणी उभं नसावं, मातीच्या फटीतून थोडा वारा आत यावा, दुपारी ऊब लागावी. तेवढं झालं की आम्ही उठलोच.

आणि हे येसाजीला पक्कं माहीत होतं. मांडव्याच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून हे खाचर आहे, ते त्याचं. घरच्या बियाण्यासाठीचं भात तो याच खाचरात काढतो. लावणी झाली की रोपांच्या पायाशी वीतभर पाणी कोंडून ठेवायचं, हा त्याचा नेम. माझ्या डोक्यावर उभा राहून तो सुनेला सांगायचा, "केसर, पानी हीच आपली बेननीवाली. पानी हाय तवर गवत डोकं वर काढनार न्हाय. न पानी हटलं तं नुसतं गवत न्हाय, खारपन वर येतं."

त्याच्या या नेमामुळं मी कायमची चिखलात राहिले असते. यंदाच्या, एकोणीसशे एकोणतीसच्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट घडली.

केसर अलिबागची, मराठी चौथी शिकलेली. नवरा अनंता मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या पडावावर खलाशी, महिना महिना घरी नाही. पदरी एक मुलगी, ठमी. लावणीच्या दिवसांत केसर जुन्या लुगड्याची पट्टी ठमीच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक बांधावरच्या खुंटीला. पलीकडच्या पाड्यात एक मूल असंच खाचरात बुडून गेलं होतं. तेव्हापासून केसरचे हात चिखलात असायचे आणि मान सारखी मागं वळलेली. सासू नीराबाई हसायची. "अगो, पोर हाय का पाडी? बांधून काय ठेवतंस? आमी पोरं वाढवली न्हाय का?"

केसर म्हणायची, "आत्या, मला नाही जमत तुमच्यासारखं." खरंच जमत नव्हतं तिला. माझ्यासारखीच ती.

मग एका दुपारी मला वर काहीतरी जाणवलं. माझ्या अगदी जवळ, चिखलात, एक लहानसा पंजा दाबला गेला. पाचही बोटं. तो पंजा उठेना. पाणी ढवळलं, मोठे पाय धावत आले, आणि पंजा चिखलातून सुटला. वरून केसरचा आवाज आला, तो रडण्याचा नव्हता. बऱ्याच वेळानं मूल खोकलं आणि मग रडलं. ठमीनं दातांनी गाठ सोडली होती.

तिथं दुसरं कुणी नव्हतं. केसरनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नीराबाईनं पोरीला शेतावर आणूच दिलं नसतं, आणि घरी सांभाळायला कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी केसर बांधाशी वाकली, एक ढेकूळ काढलं, आणि पाणी हळूहळू खालच्या खाचरात जायला लागलं.

आणि मी उठले. कुणाच्या भीतीनं मी जन्मले, ते मला आता कळतं. तेव्हा फक्त वारा लागला, इतकंच वाटलं.

सकाळी येसाजी आला आणि मटकन बांधावर बसला. "पानी गेलं कुठं?"

"खेकड्यांनी बीळ पाडलं असेल, मामा," केसर म्हणाली.

हे कुणालाही पटेल. आमच्याकडे बांधाला खेकडे बिळं पाडतातच. येसाजीनं बिळात हात घालघालून खेकडे ओढले, बोट चावून घेतलं, बिळं चिखलानं लिंपली. नीराबाई दुसऱ्या दिवशी बांधावर सांगत होती, "काय भारी कालवन झालतं! न ही बया शिवली न्हाय. खेकडं हिचं सोयरं हायत वाटतं." केसर खाली बघून बेणत राहिली.

येसाजी बांधाचं तोंड लिंपी, पाणी साठे. केसर ठमीला घेऊन आली की ते तोंड पुन्हा उघडं होई. खेकडे बिचारे फुकट मरत होते. आणि ओल्या मातीतून आम्ही उगवत होतो, ओंजळभर, मग टोपलीभर, मग मोजायला जीवच धजेना.

केसर आम्हाला उपटायची. तिला वाटायचं, पाणी मी सोडते तर गवतही मीच काढीन. दोन हातांनी पाण्याचं काम होईल. रोज सकाळी ती येई, रोज तिची बोटं अजून एका ओळीवरून फिरत. पण आमचं रूप भातासारखं. कोवळेपणी भाताच्या पानाला बुडाशी एक पातळ पापुद्रा असतो, आम्हाला नसतो. एवढाच काय तो फरक. एकदा तिची बोटं माझ्या मानेपर्यंत आली. मी श्वास धरला. तेवढ्यात ठमी शिंकली, केसरनं मागं पाहिलं, आणि तिच्या हाती माझ्याऐवजी शेजारचं भात आलं. ते तिनं हातात धरून पाहिलं आणि पुन्हा चिखलात खोचलं. ते जगलं नाही.

आता भाद्रपद आहे. भात पोटरीत आलंय, कणीस आतल्या आत भरतंय. याच दिवसांत त्याला पाण्याची खरी गरज. माझं कणीस बाहेर पडून पिकतही आलंय. धक्का लागला की माझी पोरं बियाण्याच्या खाचरात सांडतील, म्हणजे पुढच्या साली येसाजीच्या प्रत्येक खाचरात जातील. कालच येसाजी बांधावर उभा राहून म्हणाला होता, "हे खेकडं न्हायत. ह्यो खालचा बाबाजी हाय. उद्या बघतो त्याला."

म्हणून काल मला झोप नव्हती.

आज सकाळी तो फावडं घेऊनच आला. खालच्या खाचराचा बाबाजी कंबरेवर हात ठेवून उभा.

"माझं पानी चोरतंस?"

"तुजं पानी? अरे, तुज्या पान्यानं माजं भात आडवं झालंय! माज्या खाचरान आता होडी हाकावी लागंल. ठेव तुजं पानी तुज्या घरान, रांजनान!"

"मग बांध रोज कोन फोडतं? भूत?"

"तुजा बांध, तुजं भूत!"

येसाजीनं फावडं उचललं. बाबाजी मागं सरकला. नीराबाई ओरडली. केसर ठमीला कडेवर घेऊन माझ्याजवळच उभी होती. 

"मामा," ती म्हणाली. "बांध मी फोडते."

फावडं तसंच वर राहिलं.

"ठमी पडली होती पाण्यात. लावणीनंतर. तोंडावर पडली होती, मामा. इथंच." तिनं पायानं जागा दाखवली, ती बरोबर होती. "मला तिला बांधून ठेवता येत नाही आणि सोडताही येत नाही. म्हणून पाणी सोडलं."

येसाजीनं फावडं खाली टेकवलं. मग बाबाजी पुटपुटला, "न मी उगाच चोर." पण त्यानं खांद्यावरचं फडकं काढून डोळे पुसले, का घाम, ते सांगता येत नाही. नीराबाईनं ठमीला सुनेच्या कडेवरून ओढून घेतलं आणि बांधावर बसून छातीशी धरलं. "मला सांगाया काय झालतं, मुडद्ये?" ती रडत म्हणाली. "मी बसले नसते कं पोरीपाशी?"

येसाजी वाकला. बांधाचं तोंड त्यानं स्वतःच्या हातांनी लिंपायला घेतलं. वरच्या खाचरातून पाणी आत यायला लागलं आहे. माझ्या पायाशी ते पोचलं, लहानग्यांच्या पहिल्या पानापर्यंत चढलं. केसरनं आता मला बरोबर ओळखलंय. तिचा हात माझ्या बुडाशी आहे. तो घाईत नाही, कणसाखाली दुसरा हात धरलाय, पोरं सांडू नयेत म्हणून. माझं आयुष्य इथंच संपतं.

तक्रार नाही, एक विनंती आहे. पाणी वीतभर ठेवा. पण पाण्यापाशी कुणालातरी बसवा. तेवढं केलंत तर आमच्यातली जी चिखलात राहिली आहेत ती खाली निजून राहतील, कुणाला त्रास देणार नाहीत. मी त्यांच्या वतीनं बोलतेय खरी, पण ती माझं ऐकतील की नाही, कोण जाणे. कुणाची पोरं ऐकतात?

येसाजीच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी चढलंय. ठमी आजीच्या मांडीवरून उतरली. खुंटीची लुगड्याची पट्टी तिनं सोडली, ओढत ओढत बांधाच्या कडेशी आणली, आणि खाली वाकलेल्या आज्याच्या कमरेपुढं धरली.

"आज्या, हात वर कर. तू बुडशील."