उ म्हणताना हलू नये म्हणून

मी एक कवळी बोलतेय. खालची. वरचीला टाळूचा आधार असतो. मला मात्र जीभ आणि गाल जसे सांभाळतील तसं राहावं लागतं.

नऊ वर्षांपूर्वी मी एका प्लंबरच्या तोंडात बसले. पहिला आठवडा आम्ही एकमेकांना नुसते टोचत होतो. मग जमलं. नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी पट्टी ते माझ्याच दातांनी तोडत. डॉक्टरांनी बजावलं होतं तरी.

आता त्यांनी काम सोडलंय. मुलगा परदेशात, सून जपानी, नात चार वर्षांची. नातीला जपानीच येतं. रविवारी फोनवर दिसायची. आजोबांचं वाक्य मुलगा तिच्या भाषेत सांगेपर्यंत खुर्चीमागे पळून जायची. एका रविवारी आजोबा म्हणाले, "मधे दुभाषा नको. पुढच्या महिन्यात तिचं पुस्तक मी तिला वाचून दाखवणार."

मुलाने गोगलगायीच्या पुस्तकातल्या बारा ओळी आपल्या लिपीत लिहून पाठवल्या. "आधी स्वर पक्के करा, बाबा. पाचच आहेत. आ, इ, उ, ए, ओ."

"पाचच? मग दुपारपर्यंत होतील."

तीन आठवडे झाले तरी झाले नाहीत. जपानीत आखूड स्वर आखूडच ठेवायचा, लांब असला तर बरोबर दुप्पट; आजोबा सवयीने शब्दाचा शेवट ओढायचे. ते टेबलावर बोट आपटून सुधारलं. राहिला उ. तो ओठांचा चंबू न करता म्हणायचा. आजोबा आरशासमोर ओठांचे कोपरे बोटांनी धरून रोज शंभर वेळा उ म्हणत.

"अहो, आरशाचे मुके घेऊन झाले असतील तर आंघोळीला जा," आजी म्हणायच्या.

ओठ अडवले की जीभ मागे सरकायची आणि मी हिरडीवरून उचलली जायचे. प्रत्येक उ बरोबर माझा कट् असा आवाज. लाज वाटायची मला.

शेवटी ते डॉक्टरांकडे गेले. "काका, हिरडी झिजलीय," त्या म्हणाल्या. "नवी कवळी करू."

"नवीने नीट बोलता कधी येईल?"

"सवयीला महिना तरी जाईल."

"मग नवी नंतर. या रविवारी मला वाचायचंय."

त्यांनी मला आतून मऊ अस्तर लावून दिलं. तेवढ्यावर भागवायचं होतं.

रविवारी आजोबांनी पहिली ओळ वाचली. खुर्चीमागून दोन डोळे आले. दुसऱ्या ओळीला आख्खी नात आली, हातात तेच पुस्तक घेऊन. तिसरीत उ चुकला, तशी तिने तोंड फोनला चिकटवलं, ओठ सपाट ठेवून उ म्हणून दाखवला आणि थांबली. आजोबांनी म्हटला. तिने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा. पुन्हा मान हलली. मी हिरडीला घट्ट धरून बसले होते. नवव्यांदा तिने पान उलटलं.

"मास्तरीण कडक मिळाली तुम्हाला," आजी म्हणाल्या.

त्या दिवशी सात ओळी झाल्या. ती एकदाही पळाली नाही.

त्याच आठवड्यात नवी कवळी तयार झाली आणि आता मी कपाटात, प्लास्टिकच्या डबीत आहे. तक्रार नाही. नवीला एवढंच सांगणं आहे: बाई, सुरुवातीला टोचलीस तरी चालेल, पण ते उ म्हणायला लागले की जागची हलू नकोस. अजून पाच ओळी राहिल्यात, आणि ती मुलगी एकही सोडायची नाही.