अंबाजीची नखं

ताण्यातला धागा तुटला. अंबाजीनं माग थांबवला, गाठ मारायला दोन्ही टोकं जवळ आणली आणि कळवळून हात मागं घेतला.

चरख्यावर सुताच्या कांड्या भरणारी त्याची बायको दुर्गाबाई उठली. "बघू हात."

"काय न्हाय झालं."

तिनं हात ओढून घेतलाच. आठ बोटांची नखं तपकिरी पडून टोकाकडून सुटली होती. अंगठे तेवढे वाचले होते. चार दिवस हा माणूस चहाचा कप टॉवेलात धरून का पीत होता, ते तिला आत्ता कळलं.

"कुणाला सांगू नगंस," तो हळूच म्हणाला. "वाईट रोग असला तर वडगावात कोण दारात उभं करून घेणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तापावर चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट बघितलं.

"ही अँटिबायोटिक घेताना उन्हात होता, अण्णा?"

"रंगवल्यालं सूत वाळवायला. रोज गच्चीवर."

"मग त्यानंच झालंय. या गोळीवर ऊन बाधतं नखांना. रोग नाही हा. गोळी बंद करू. उन्हात जाऊ नका, हात जपा. नवी नखं यायला पाच-सहा महिने लागतील."

अंबाजीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. उचगावच्या बाळाबाईच्या लेकीची लग्नाची साडी मागावर अर्धी होती.

"मी विणते की," दुर्गाबाई म्हणाली.

"तुझी गाठ जाड येती."

"कवा बांधू दिलीसा, जाड यायला?"

ती मागावर बसली, तो शेजारी स्टुलावर. "हलक्या हातानं. व्हय, तसं." पहिल्या दिवशी दोनदा उसवावं लागलं. सहाव्या दिवशी त्याचं सांगणं बंद झालं. झोप लागली की काय म्हणून तिनं वळून पाहिलं. तो टक्क जागा होता, कापडाकडं बघत.

साडी न्यायला आलेल्या बाळाबाईनं पदरावरून हात फिरवला. "अंबाजी अण्णा, तुमचा हात लई गोड हाय बघा."

दुर्गाबाईनं मान खाली घातली.

"माझा न्हाय," अंबाजी म्हणाला. "हिनं विणलीया."

दिवाळीपर्यंत नखं पुरती आली. नवा ताणा मागावर चढला, तशी दुर्गाबाई त्याला जागा द्यायला उठू लागली.

"बस की," तो म्हणाला, आणि चरख्यापाशी मांडी घालून कांडी भरायला लागला.